स्वयंसेवकांचे श्रम फुकट नसतात
जुन्या टायरमध्ये माती ठोकून घराच्या भिंती उभारण्याच्या ‘अर्थशिप’ पद्धतीवरील लेख वाचला. स्वयंसेवक मिळाल्यामुळे अशा भिंतींना मजुरीचा खर्च येत नाही, हे त्यातील विधान मला पटले नाही. एका टायरमध्ये घणाने ठोकून सुमारे १५० किलो माती बसवावी लागते; भरलेला टायर सहजी हलत नसल्याने तो जागेवरच भरावा लागतो आणि प्रत्येक थराची पातळी तपासायला जाणकार माणूस सतत हजर लागतो. अशा कामावर मी स्वतः राबलो आहे. नवख्यांनी कडेच्या पोकळीतली माती सैल ठेवली की तोच टायर पुन्हा ठोकावा लागे, आणि दुपारनंतर, हात थकल्यावर, हे हमखास घडे.

अमेरिकी वास्तुरचनाकार मायकेल रेनॉल्ड्स यांनी अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यातील ताओस येथे रुजवलेल्या या पद्धतीत घट्ट ठोकलेली मातीच उष्णता साठवते आणि भारही पेलते, त्यामुळे इथली कसूर थेट घराला भोवते. स्वयंसेवकांचे जेवण, निवास आणि प्रशिक्षण यांचा खर्च लेखातील हिशेबात यायलाच हवा होता.