‘सिग्नल नसलेल्या चौकात उगाच थांबवून ठेवतात’ या आमच्या ड्रायव्हिंग क्लासवरच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार ताई. त्या दिवशी मी तुमच्यावर ओरडलो, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. तसं बोलायला नको होतं.

पण ‘क्लास वाढावेत म्हणून चौकात पाच-पाच मिनिटं थांबवतात’ हे तुम्ही लिहिलंत, ते वाचून रात्री झोप लागली नाही. आमची फी वीस दिवसांची एकदाच घेतो. गाडी उभी राहिली तर आम्हाला एक रुपया जास्त मिळत नाही, उलट पेट्रोल आमचंच जळतं. आणि आपण पाच मिनिटं नाही, फार तर दीड मिनिट थांबलो होतो.

गंगापूर रोडवर दुभाजकाच्या कटमधून आपल्याला उजवीकडे वळायचं होतं. समोरून बस गेली, रस्ता मोकळा दिसला आणि तुम्ही क्लच सोडलात. बसच्या मागून मोटरसायकल येत होती. तुम्हाला ती लांब वाटली, कारण समोरून येणारी दुचाकी लहान दिसते, आणि लहान दिसणारी गाडी लांब आहे असंच डोळ्यांना वाटतं. म्हणून मी माझ्या बाजूचा ब्रेक दाबला. अपमान करायला नाही हो ताई, समोर तो मोटरसायकलवरचा पोरगा होता.

ताशी ५० च्या वेगाने येणारी गाडी एका सेकंदाला जवळजवळ १४ मीटर कापते. नवीन माणसाला उभ्या गाडीतून हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धाच सोडून, निघून समोरच्या दोन लेन पार करायला सहा सेकंद सहज लागतात. तेवढ्यात ती गाडी ८४ मीटर पुढे आलेली असते. म्हणूनच पहिल्या दिवसापासून सांगतो की समोरचा एक खांब धरा, गाडी तिथून आपल्यापर्यंत यायला किती सेकंद लागतात ते मनात मोजा. सहाच्या आत आली तर निघायचं नाही. मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवत होता हे खरं, पण त्याच्या जागेवरून समोरची लेन दिसतच नव्हती. थांबलेलं असताना चाकं सरळ ठेवा असं मी दोनदा म्हणालो, तेही तुम्हाला टोचलं. चाकं वळवलेली असताना मागून धक्का बसला तर गाडी थेट समोरच्या लेनमध्ये जाते.

त्या दिवशी तुम्ही पंधरा मिनिटं उशिरा आला होतात आणि पुढच्या बॅचच्या काकू ताटकळत होत्या, म्हणून माझीही घाई झाली. हे लिहायचं नव्हतं, पण ‘वेळ पूर्ण देत नाहीत’ असंही तुम्ही लिहिलंय.

सतरा वर्षं ही एकच गाडी आणि हा एकच धंदा आहे. नवीन माणसं रिव्ह्यू बघूनच फोन करतात. आवाजावर लक्ष ठेवीन, बाकी वेळापत्रकाचंही काहीतरी बघतो. तुमचे दोन क्लास बाकी आहेत. सकाळी सहाला गर्दी नसते, तेव्हा या, त्याच कटला जाऊ. त्यानंतर हवा तर एक क्लास माझ्याकडून.