मेडिक्लेम आहे, मग खर्च कसला? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार सर, कमेंट वाचली. तुमचं म्हणणं असं की खुबा मोडला तर एक ऑपरेशन, त्याला मेडिक्लेम आहे, सत्तरीपुढच्यांना सरकारी आयुष्मान कार्डाचे ५ लाख आहेत, आणि मी मागच्या पोस्टमध्ये खुबा मोडल्यावरच्या खर्चाची उगाच आकडेमोड करून म्हाताऱ्या माणसांना ओझं ठरवतोय.

कार्डाचं मान्य. ऑक्टोबर २०२४ पासून ७० च्या पुढे उत्पन्न न बघता मिळतंय, चांगलंच आहे. पण त्यात डिस्चार्जनंतरचे १५ दिवस धरलेत, खासगी पॉलिसीत बरेचदा ६०, तेही औषधं-तपासण्यांचे. आणि ऑपरेशनमध्ये रॉड टाका नाहीतर खुब्याचा बॉल बदला, आपल्या पायांनी धड चालायला महिने जातात, बरेच जण तर आधीसारखे चालतच नाहीत.

आमच्या इंदिरानगरातल्याच एका घरचं सांगतो. आजी बाथरूमच्या उंबऱ्याला अडखळल्या, ऑपरेशन कॅशलेस झालं, सगळे निवांत. मग घरी आल्यावर एअर बेड भाड्याने, कमोड खुर्ची, वॉकर, डायपर, फिजिओ घरी येणार त्याचे वेगळे, आणि बिल्डिंगला लिफ्ट नाही म्हणून एक्सरेला न्यायचं तर खुर्चीत बसवून चौघांनी जिन्यावरून उतरवायचं. आजींचं करायला ब्युरोकडून आणलेली बाई दिवसाला ८०० नी धरा, ३ महिन्यांचे ७२ हजार झाले, आणि हे बहुतेक पॉलिसीत बसतच नाही. बाई परवडेना म्हणून सुनेने शिवणक्लास बंद केला, मुलगा अंबडला कंपनीत, त्याच्या रजा संपल्या आणि बिनपगारी सुरू. त्या क्लासचे पैसे कुणीच खर्चात धरत नाही, घरचंच माणूस आहे, करणारच ना! आजींना ओझं मी म्हणालो नाही, म्हणणारही नाही, पण हा खर्च मांडलाच नाही तर तो गुपचूप सुनेच्या अंगावर पडतो.

मला खरी चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. या वयात नुसतं घरात पडून खुबा मोडला म्हणजे हाडं ठिसूळ झालीयेत हे जवळपास ठरलेलं, दुसरं फ्रॅक्चर व्हायचा धोकाही वाढलेला, तरी आजींच्या डिस्चार्ज कार्डावर काय तर कॅल्शियमची गोळी आणि टाके काढायची तारीख. हाडांची औषधं आहेत की, अ‍ॅलेंड्रोनेट आठवड्याला एक गोळी (उपाशीपोटी, नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही), नाहीतर झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड वर्षातून एकदा सलाईनमधून. दुसऱ्या ऑपरेशनपुढे हा खर्च किरकोळ आहे. तुमच्याकडे कुणाचं असं झालं असेल तर पुढच्या फॉलोअपला डॉक्टरांना सरळ विचारा, जाताना किडनीचा रिपोर्ट न्या, तो बघूनच देतात.