पाठीवरची मावशी

बॅकपॅकिंग करणाऱ्या माणसाने ज्या गावात सख्खी मावशी राहते त्या गावात उतरू नये. उतरलाच तर कळवू नये. बेळगावात लॉजवर राहणार आहे, असं मी फोनवर सांगितलं तेव्हा मावशीने एवढंच विचारलं, "का? आम्ही मेलोय काय?" त्यामुळे सॅकसकट बेळगावच्या शहापुरात, मावशीच्या घरी.

पुण्याहून निघताना ही सॅक मी काट्यावर ठेवून भरली होती. वजन वाचवायला टूथब्रशची दांडी अर्धी कापणारे लोक असतात, त्यांच्यातला मी. मावशीने सॅक एका हाताने उचलली, हलवली आणि काळजीने विचारलं, "रिकामीच घेऊन फिरतोस काय रे?"

दुसऱ्या दिवशी वज्रपोह्याच्या धबधब्याला जायचं ठरलं. भर पावसात वनखातं तिकडच्या धबधब्यांकडे फिरकू देत नाही, म्हणून दसरा होईपर्यंत कळ काढली होती. सकाळी जाऊन संध्याकाळी परत, मावसभावाची स्प्लेंडर, पाण्याची एक बाटली, बस. सॅक घरीच राहणार होती. पण पहाटे उठून बघतो तर ती ओट्याजवळ उभी, आणि तिची वरची दोरी ओढून बसवायला मावशीने गुडघा लावलेला. आत दशम्या, शेंगदाण्याची चटणी, दहीभात, वांग्याची भाजी, अर्धा किलो कुंदा आणि लोणचं. लोणचं काचेच्या बरणीत, कारण प्लास्टिकात चव जाते. शिवाय एक सोलापुरी चादर, हळदीची पूड, मिठाची पुडी, मावसोबांची कानटोपी आणि सेल नसलेली बॅटरी.

"मावशी, संध्याकाळी परत येणार आहे."

"जंगलात काय मिळतंय रे? आणि थंडी वाजतंय तिकडं. घे की."

बेळगावच्या बाईने म्हटलेल्या 'घे की'वर अपील नसतं. मावसभावाने तर प्रयत्नही केला नाही. तो त्या घरात जन्मापासून राहतोय. "दादा, पाठीलाच असू दे की," तो म्हणाला, "टेका होतोय." टेका कुणाचा कुणाला हे पिरनवाडीच्या पहिल्या गतिरोधकावर कळलं. गाडी वर, मी वर, सॅक मात्र जागच्या जागी. क्षणभर मी त्या लोणच्याच्या बरणीवर पाठीचा एक मणका टेकवून हवेत होतो.

किणये, कुसमळी, मग जांबोटी. रस्ता फार सुंदर आहे असं म्हणतात. मला मावसभावाच्या हेल्मेटचा मागचा भाग दिसला. या पट्ट्यात पाणी दोन दिशांना फुटतं. मलप्रभा कणकुंबीत उगम पावते आणि पूर्वेला कृष्णेकडे निघते. म्हादई इथल्याच भीमगडच्या रानातली, पण ती पश्चिमेला गोव्यात उतरते, तिथे मांडवी म्हणवून घेते आणि पणजीला समुद्र गाठते. आमच्या गाडीवरही हाच प्रकार होता. वळणावर मावसभाऊ डावीकडे झुकला की सॅक उजवीकडे निघायची, आणि मधल्या भूभागाचं काय होतं याची नद्यांना किंवा सॅकला काही पडलेली नसते.

जांबोटीत चहाला थांबलो. बाकावर सॅक ठेवली तेव्हा दोन माणसं उठून उभी राहिली.

"कुठं निघालाय?"

"धबधबा बघायला."

"किती दिवस?"

गवळी आणि चापोली या गावांच्या मधल्या रानात हा धबधबा. पुढे भात पोटरीतून बाहेर पडून पिवळं व्हायला लागलेलं, आणि शेताशेतात रात्री गव्यांना हाकलायला बांधलेले माळे. गाडी जिथे संपली तिथे वाट दाखवायला एक आजोबा मिळाले. कमरेला कोयता, कनवटीला तंबाखूची चंची, पायात झिजलेल्या चपला. ज्याचं सगळं आयुष्य या रानात गेलं त्याचं सामान एवढंच. त्यांनी माझ्याभोवती एक प्रदक्षिणा घातली.

"एवढं काय घेऊन आलायसा?"

"असावं म्हणून," मी म्हणालो. मावशीचा आवाज माझ्या तोंडून निघालेला पाहून मावसभावाने मान फिरवली.

पुढे एक ओहोळ आडवा आला. आजोबा दगडांवरून गेले, मावसभाऊ गेला, मी सॅकच्या मर्जीने मध्येच उतरलो. २०१८ साली लवादाने म्हादईचं पाणी वाटून दिलं, गोव्याला २४ टीएमसी, कर्नाटकाला १३.४२ आणि महाराष्ट्राला १.३३. पैकी महाराष्ट्राचा वाटा मी दोन्ही बुटांतून घेऊन पुढे निघालो.

पाण्यातून निघाल्यावर पोटरीला जळू. "मीठ लावा," आजोबा म्हणाले. मीठ होतं! फक्त ते तळाला होतं. आधी चादर काढली, मग कानटोपी, डबे, बरणी, बॅटरी. रानात माझं दुकान मांडून झालं आणि मिठाची पुडी हाती आली, तोवर जळू पोट भरून आपणहून सुटून गेली होती. मावशीच्या राज्यात उपाशी कुणी जात नाही.

धबधब्याचा आवाज आधी आला, मग झाडी संपली आणि तो समोर दिसला. पांढराशुभ्र, तिरपी उन्हं अंगावर घेऊन खाली दरीत कोसळणारा. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग आजोबांनी विचारलं, "त्या डब्यात काय हाय?"

आम्ही जेवलो. म्हणजे, आम्ही मावशीशी लढलो. आजोबांनी कुंदा चाखून पाहिला आणि मग चाखण्यापलीकडे गेले. दशम्या संपल्या, दहीभात संपला, लोणच्याची बरणीही मी आग्रहाने त्यांच्याच गळ्यात मारली. उठून सॅक पाठीला लावली तेव्हा मी जवळजवळ उडालो. आयुष्यात पहिल्यांदा मी खरा बॅकपॅकर वाटलो, आणि हे सुख गाडी लावलेल्या अंगणापर्यंत टिकलं.

अंगणात आजी उभ्या होत्या. "पाव्हणं रिकामं कसं जातील?" असं म्हणून त्यांनी सॅकमध्ये हातभर लांबीची तवसं, म्हणजे गावठी काकड्या, घातली. मोजायला मी तिकडे बघितलंच नाही. वर एक तांबडा भोपळा. तो सॅकमध्ये मावेना, म्हणून मांडीवर.

परतताना नाक्यावर गाडी अडवली. गोव्याच्या बाजूने येणारी फुगलेली सॅक म्हणजे आत बाटल्याच, हा खाकी हिशोब रास्त होता.

"ओळग एन ऐती?" आत काय आहे, असा कानडी सवाल.

"तरकारी री," मावसभाऊ म्हणाला.

साहेबांनी सॅक उघडली. एक तवसं बाजूला केलं, खाली तवसं. ते बाजूला केलं, खाली चादर. चादरीत काहीतरी कडक लागलं तेव्हा त्यांचे डोळे चमकले. बॅटरी निघाली. त्यांनी ती लावून पाहिली.

"घ्या की एक तवसं," मी आशेने म्हणालो. "दोन घ्या."

"ड्यूटीवर चालत न्हाई," साहेब मराठीत म्हणाले. मग आमच्याकडे, गाडीकडे, मांडीवरच्या भोपळ्याकडे बघून त्यांनी टेबलाखालून चार खणांचा रिकामा डबा काढला. "बेळगावलाच चाललाय न्हवं? वाटेत पिरनवाडीला एवढा आमच्या घरात देऊन जावा की."