दोघांचाही फोन बंद

"फोन बंद होता ना? झालं तर मग!" बापूने मांडीवर थाप मारली. एका गुन्ह्यात एका पोरावर संशय असल्याची बातमी आली होती, आणि बातमी आली की बापूचा निकाल तयारच असतो. "गुन्हा करणारे फोन बंद ठेवतात. या पोराचा बंद होता. तोच तो!"

"माझाही रात्रभर बंद असतो," ताई म्हणाली. "घाल बेड्या."

ताईने आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलंय. विटेचा तुकडा उचलून तिने कट्ट्यावरच मोठं वर्तुळ काढलं, फोन बंद ठेवणाऱ्यांचं. त्याच्या पोटात एक छोटं, गुन्हेगारांचं. "आता या पोराचा ठिपका कुठे देऊ?"

बापूने बेधडक छोट्या वर्तुळात बोट ठेवलं.

"का? बाहेर एवढी जागा आहे, ती कोणाची?"

बापू बोट चोळत बसला.

"याला अव्याप्त मध्यपदाचा दोष म्हणतात. 'फोन बंद ठेवणारे' हे मध्यपद, दोन्ही विधानांना सांधणारं. पण फोन बंद ठेवणाऱ्या सगळ्यांबद्दल तू एकदा तरी बोललास का? 'फोन बंद ठेवणारे सगळे गुन्हेगार' म्हण, मग पोरगा अडकतो. म्हणतोस?"

"तसं कसं म्हणेन?"

"मग निष्कर्ष कुठून आणलास?"

अण्णांना राहवेना. "हे सगळं अ‍ॅरिस्टॉटलचं. आपल्याकडे साधं असतं, धूर दिसला की आग!"

"उलटं करा ना अण्णा. आग दिसली की धूर? लोखंडाचा गोळा लालबुंद तापवा आणि धूर दाखवा. धूर यायला ओलं लाकूड लागतं. तर्कसंग्रहात, म्हणजे आपल्याच न्यायशास्त्राच्या जुन्या पुस्तकात, हेच आहे. आणि तिथेच चुकीच्या तर्काचं दुसरं उदाहरण: डोंगरावर आग आहे, का, तर डोंगर हा ज्ञानाचा विषय आहे, म्हणजे जाणता येतो. अहो, तळंसुद्धा ज्ञानाचा विषय आहे, तिथे कुठे आग असते? जो हेतू, म्हणजे दिलेलं कारण, आग असते तिथेही आणि नसते तिथेही सापडतो, तो काही सिद्ध करत नाही."

इथे मला माझं जुनं दुखणं आठवलं. "बापू, तुझं पुस्तक हरवलं होतं. ज्याने नेलं तो उशिरापर्यंत थांबला असणार, मी थांबलो होतो, म्हणून मी चोर! सहा महिने बोलला नव्हतास. निघालं तुझ्याच पलंगाखाली."

मला ते अजून लागतं. त्या पोराचा तर फोटो घरोघरच्या फोनवर फिरतोय.

"पण तू तेव्हा गप्प का बसलास?" बापू उसळला. "चोर गप्प बसतात!"

ताईने काही न बोलता विटेचा तुकडा पुन्हा उचलला आणि अण्णा हसता हसता कट्ट्यावरून घसरले.