गोल आधी शेजारी, मग आपल्याकडे

केबल सोडायची म्हणून स्ट्रीमिंगची कुठलीही तुलना उघडा: चॅनल किती, स्क्रीन किती, रेकॉर्डिंग किती तास. अहो, पण सामना किती सेकंद उशिरा दिसणार, ते कोण सांगणार? इंटरनेटवरून व्हिडिओ पाठवायच्या एचएलएस पद्धतीत व्हिडिओचे साधारण ६ सेकंदांचे तुकडे पाडतात आणि ॲपमधला व्हिडिओ प्लेअर बहुधा थेट प्रक्षेपणाच्या तीन तुकडे मागूनच सुरू होतो. म्हणजे १८ सेकंद तिथेच गेले! इकडे पेनल्टी घेणारा अजून चेंडू नीट ठेवतोय आणि तिकडे केबलवाल्या शेजाऱ्यांचा जल्लोष भिंतीतून ऐकू येतो. फोनवर स्कोअरही येऊन पडलेला. लीग एका ॲपवर, कप दुसऱ्यावर, ते रडगाणं वेगळंच. निदान उशिराचा एक रकाना तरी टाका की त्या कोष्टकात!