‘अर्ध्या तासात घरीच सायलेन्सर बदला’ म्हणणाऱ्या मेसेजचं काय खरं, काय खोटं

कोकणातल्या बाईकवाल्या ग्रुपवर हा मेसेज फिरून फिरून येतोय. थोडक्यात असा, की कंपनीचा सायलेन्सर इंजिनाचा गळा दाबतो, तो काढून फ्री-फ्लो (आतून मोकळा सायलेन्सर) लावा, ५ ते ७ बीएचपी (इंजिनाची ताकद) वाढते, मायलेज पण वाढतं, स्टेनलेस असल्यामुळे खाऱ्या हवेत गंजत नाही, पीयूसी निघते म्हणजे कायदेशीर, काम फक्त दोन नटांचं, आणि जुना सायलेन्सर भंगारात देऊन टाका.

घरी काम करायला माझा विरोध नाही, उलट आपल्या गाडीचे नट आपण उघडावेत याच मताचा मी आहे. पण हे ज्यानं लिहिलंय त्यानं समुद्राकाठची गाडी कधी उघडलेली दिसत नाही.

‘काम फक्त दोन नटांचं’. मोजायला दोनच, बरोबर आहे. बेंड पाईप (इंजिनातून निघणारी वाकडी नळी) हेडला, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाला, बहुतेक गाड्यांत दोन नटांनीच धरलेला असतो. पण ते नट ज्या स्टडवर, म्हणजे आटे पाडलेल्या दांडीवर, बसतात तो स्टड लोखंडी, हेड ॲल्युमिनियमचं, दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटून आणि मध्ये खारट ओल, म्हणजे गंज आतल्या आत आट्यांमध्ये धरतो, वरून बघून काही कळत नाही. त्यात रोज तापणं-थंड होणं चालूच. देवगडला किंवा गुहागरला दोन-तीन पावसाळे काढलेल्या गाडीच्या नटाला पाना लावून सरळ जोर काढलात तर नट फिरायच्या आधी स्टडच तुटायची शक्यता भरपूर, आणि तो हेडमध्ये तुटला की मग ड्रिल, नवे आटे, कधी हेड उतरवून लेथवाल्याकडे. अर्धा तास गेला उडत.

करायचंच असेल तर आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा, सकाळी परत मारा. सहा कोनी सॉकेटच घ्या, बारा कोनी किंवा झिजलेला रिंग पाना नटाचे कोपरे खातो. आधी किंचित आवळायच्या दिशेनं हलवा, मग सोडवा, परत थोडा आवळा, परत सोडवा, असं चाळवत चाळवत आणा, आणि अडला तर थांबा, गॅरेजवाल्याकडे गॅसची ज्योत असते, त्यात कसली लाज. लावताना गॅस्केट (सांध्यातली चकती) नवीनच, जुनं एकदा दबलं की परत नीट बसत नाही. सगळे बोल्ट आधी हातानं लावा, पाईप सरळ बसतोय ते बघा, मग हेडकडून मागे आवळत या, आधी मागचा ब्रॅकेट कसलात तर पुढचा पाईप कायम ताणात राहतो. आट्यांना साधं ग्रीस नको, ते जळून जातं, जास्त तापमानाचं अँटी-सीझ (नट जाम होऊ न देणारी पेस्ट) लावा. एकदा गाडी चांगली तापवून पूर्ण थंड झाली की नट परत तपासायचे. एवढं सगळं त्या मेसेजमध्ये कुठेच नाही.

‘५ ते ७ बीएचपी वाढते’. हे वाचून हसू येतं. सध्याची ३५० सीसीची बुलेट २०.२ बीएचपीची आहे, तिच्यात ७ वाढले म्हणजे तिसऱ्या हिश्शाहून जास्त ताकद नुसत्या नळीतून आली! असं होत असतं तर कंपनीनं नसतं केलं? कॅटच्या (धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या) मागचा नुसता डबा बदललात तर फरक जाणवतो तो कानाला. हेडपासून सगळा संच बदलला तर वरच्या आरपीएमला थोडं काही मिळू शकतं, पण त्यासाठी पेट्रोलचं मॅप (कधी किती पेट्रोल सोडायचं ते सेटिंग) त्याप्रमाणे बसवावं लागतं, कार्ब्युरेटरची गाडी असेल तर जेट (पेट्रोल येण्याची बारीक भोकं) बदलावे लागतात.

आता ‘गळा दाबतो’ बद्दल. पाईपची लांबी आणि जाडी मनाला येईल तशी ठेवलेली नसते. एक्झॉस्टचा प्रत्येक झोत गेला की त्याच्यामागे कमी दाब तयार होतो आणि तो सिलिंडरमधला उरलेला धूर ओढून घेतो, हे कुठल्या आरपीएमला जमेल ते पाईपच्या मापावर ठरतं. जाडा मोकळा पाईप लावला की खालची ओढ कमी व्हायची शक्यता जास्त. आणि आपल्याला लागते ती खालचीच. आंबा घाटात नाहीतर कुंभार्लीत मागे माणूस, हँडलला पिशव्या, समोर एसटी, तिथे आठ हजार आरपीएमला काय मिळतं याचं आपण काय करायचं?

‘मायलेज वाढतं’. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ (धुराचे कडक नियम) आलं. तेव्हापासूनच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत ओटू सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) पेट्रोल-हवेचं प्रमाण साधारण १ ला १४.७ च्या आसपास धरून ठेवतो, म्हणजे साध्या चालीत तुम्ही नळी कुठलीही लावा, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) आपल्या मर्यादेत खेचून तिथेच आणणार. मायलेज वाढायचं कुठून? उलट स्वस्तातल्या पाईपला सेन्सरची जागाच नसते, मग लोक तो झिप-टायनं फ्रेमला बांधून ठेवतात. उघड्या हवेत त्याला ऑक्सिजनच ऑक्सिजन दिसतो, ईसीयूला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, ते वाढवत बसतं, नाहीतर चेक इंजिनचा दिवा पेटतो आणि प्लग काळा होतो. ॲक्सिलेटर सोडल्यावर जे फटाके वाजतात ना, त्यावर खूश होऊ नका, बऱ्याचदा गॅस्केटमधून हवा शिरत असते.

‘स्टेनलेस गंजत नाही’. स्टेनलेसमध्येही प्रकार आहेत. ३०४ ग्रेड आतल्या गावात वर्षानुवर्षं चकचकीत राहते, पण समुद्राच्या मिठानं तिच्यावर चहासारखे तपकिरी डाग येतात, ते वेळीच धुतले नाहीत तर बारीक खड्डे. ३१६ त्यापेक्षा टिकते कारण तिच्यात मॉलिब्डेनम असतं, पण ती महाग, दोन-अडीच हजारांच्या पाईपला कोण वापरणार? तिथे तर बऱ्याचदा लोखंडावर नुसता मुलामा. धोपावे-दाभोळ फेरीतून ये-जा असेल, गाडी जेट्टीवर उभी राहत असेल, तर घरी आल्यावर थंड झाली की गोड्या पाण्यानं धुणं हाच उपाय, कंपनीचा असो की बाहेरचा.

आणि सायलेन्सर आतूनही गंजतो हे लोक विसरतात. पेट्रोल जळताना पाणी तयार होतं, साधारण जेवढं पेट्रोल तेवढंच. गाडी पूर्ण तापली की ते वाफ होऊन जातं, पण घर ते बाजार ते घर एवढीच चालवलीत तर आत साचत राहतं. म्हणून खाली बारीक भोक दिलेलं असतं. याच मेसेजच्या एका आवृत्तीत ‘त्या भोकातून पावसाचं पाणी शिरतं, एम-सील लावून बंद करा’ असंही आहे, कृपा करून असलं काही करू नका, ते पाणी बाहेर जायचं भोक आहे.

‘पीयूसी निघते म्हणजे कायदेशीर’. पीयूसीला धूर तपासतात, आवाज नाही. नव्या गाडीसाठी आवाजाची मर्यादा वेगळी ठरलेली आहे, ८० सीसीपर्यंत ७५ डेसिबल, १७५ पर्यंत ७७, त्यावर ८०. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली आवाज-प्रदूषणाचा नियम मोडला तर पहिल्याच वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, वर लायसन्स तीन महिने अपात्र. जप्त केलेले सायलेन्सर रोडरोलरखाली घातल्याचे व्हिडिओ तर सगळ्यांनीच बघितलेत, बहुतेक याच ग्रुपवर. आणि डब्यावर ‘रस्त्यावर वापरण्यासाठी नाही’ असं बारीक अक्षरात छापलेलं असेल तर ते तुमच्यासाठीच छापलंय, वाचा. गणपतीत चाकरमानी आले की रात्री वाडीतून ‘इंदोरी’ (मोठा आवाज करणारा सायलेन्सर) लावून फिरणाऱ्यांबद्दल म्हाताऱ्या माणसांना विचारा, ते कलम न सांगता सगळं सांगतील.

‘जुना भंगारात द्या’. हे कोणी लिहिलंय कुणास ठाऊक, भंगारवाल्यानंच असेल. कॅटमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं, थोडंच, पण वजनावर लोखंडाच्या भावानं द्यायची वस्तू नव्हे ती. शिवाय गाडी विकताना, वॉरंटीचं काही निघालं तर, नाहीतर पोलिसांनी ‘मूळचा लावून आणा’ म्हटलं तर तोच लागणार आणि नवा घ्यायला गेलात तर डोळे पांढरे होतील. काढल्यावर आतलं पाणी ओतून उन्हात नीट वाळवा, बाहेरून तेलाचा हात फिरवा, उरलेले नट-बोल्ट एका डबीत घालून त्यालाच बांधा आणि दोन्ही तोंडात कापडाचा बोळा कोंबा, माळ्यावर उघडा ठेवलात तर कुंभारीण माशी आत मातीचं घर बांधते आणि ते कोरून काढताना परत तुमचीच एक सुट्टी जाते.