हँडीकॅमच्या फाइली ‘एमपी४ करा आणि डिलीट करा’? मुळीच नको

घरच्या ग्रुपवर एक मेसेज आला आणि मामा जुनी कार्डं शोधायला बसला. मेसेजमध्ये हँडीकॅमच्या एमटीएस फाइलींसाठी चार सल्ले आहेत. नाव बदलून शेवटी ‘एमपी४’ लिहा. नाही चाललं तर कुठल्याही ऑनलाइन कन्व्हर्टरवर टाका. सेटिंगमध्ये ४के आणि ६० फ्रेम निवडा, क्वालिटी वाढेल. आणि फाइल मोबाइलवर चालली की मूळ फाइली डिलीट करून कार्ड रिकामं करा. लग्नं, मुंजी, आज हयात नसलेली माणसं ज्या कार्डांवर आहेत त्यांच्याबद्दल हे लिहिलंय, म्हणून शेवटचा सल्ला आधी घेतो.

डिलीट करू नका. एमटीएस फाइली एव्हीसीएचडी या चित्रीकरणाच्या पद्धतीच्या असतात, ती सोनी आणि पॅनासॉनिकनं २००६ साली आणली. तिच्यात चित्र कॅमेऱ्यातच एच.२६४नं दाबलं जातं, म्हणजे जागा वाचवायला आकारानं लहान केलं जातं. कन्व्हर्टर ते उलगडतो आणि पुन्हा दाबतो, आणि या दुसऱ्या दाबण्यात जे गळतं ते कुठल्याही सॉफ्टवेअरनं परत मिळत नाही. शालूच्या जरीची नक्षी आणि हॉलच्या अंधाऱ्या कोपऱ्यातले चेहरे सगळ्यात आधी जातात. सेकंदाला १७ मेगाबिटनं केलेलं तासाभराचं चित्रण साडेसात जीबीच्या वर भरतं. त्याची दीड जीबी झाली असेल तर बाकीचं फेकलं गेलंय, आणि मोबाइलच्या छोट्या पडद्यावर ते कळत नाही. ‘मोबाइलवर चालली’ ही कसोटीच चुकीची. शिवाय चित्रीकरणाची तारीख-वेळ कॅमेरा चित्राच्या प्रवाहातच लिहितो. फाइलमधल्या अशा नोंदी वाचणाऱ्या एक्झिफटूल या सॉफ्टवेअरनं ती मूळ फाइलमधून वाचता येते, पुन्हा दाबलेल्या फाइलमध्ये ती उरत नाही.

कार्ड उतरवताना नुसत्या एमटीएस फाइली उचलू नका, ‘प्रायव्हेट’ हा अख्खा फोल्डर जसाच्या तसा कॉपी करा. लांब चित्रण कॅमेरा २ किंवा ४ जीबीला तोडून पुढच्या फाइलमध्ये चालू ठेवतो, आणि कोणता तुकडा कोणाला जोडायचा याची नोंद शेजारच्या फोल्डरांमध्ये असते. तुकडे वेगवेगळे कन्व्हर्ट करून मग जोडले की सांध्यावर आवाज तुटतो, नेमका मंगलाष्टकांच्या मधेच.

४के आणि ६० फ्रेमचा सल्ला ऐकायला बरा वाटतो, म्हणून जास्त नुकसान करतो. १०८० ओळींच्या चित्रात ४के केल्यानं नवा तपशील येत नाही. ६० फ्रेमचं तर उलटच होतं. भारतात विकले गेलेले बहुतेक हँडीकॅम ५०आय पद्धतीनं चित्रण करतात. म्हणजे सेकंदाला ५० अर्धी चित्रं: एकदा विषम ओळी, एकदा सम ओळी. अक्षता उधळतानाची फ्रेम थांबवून पाहा, प्रत्येक दाण्याला कंगव्यासारखे दात दिसतील. साधे कन्व्हर्टर हे दात घालवायला प्रत्येक जोडीतलं एक अर्धं चित्र टाकून देतात, मग १०८०च्या जागी खऱ्या ५४० ओळी उरतात. वर उरलेल्या २५ फ्रेमच्या ६० करायला काही फ्रेम दोनदा आणि काही तीनदा दाखवतात. मांडवातून कॅमेरा फिरताना जे हिसके बसतात ते यामुळे. हे काम नीट करायचं तर एफएफएमपेग या मोफत सॉफ्टवेअरमधला ‘बीडब्ल्यूडीआयएफ’ फिल्टर वापरून प्रत्येक अर्ध्या चित्राची एक पूर्ण फ्रेम करायची, ५०आयचं ५०पी. अर्ध्या चित्रांचा क्रम मात्र तपासा: एचडीमध्ये वरची ओळ आधी, मिनीडीव्हीच्या जुन्या कॅसेटमध्ये खालची. उलटा झाला तर हालचाल पुढे-मागे थरथरते.

नाव बदलल्यानं फाइल बदलत नाही. व्हीएलसी आतला मजकूर बघून ती चालवतो, एडिटिंगचं सॉफ्टवेअर अडून बसतं. आणि ऑनलाइन कन्व्हर्टरवर घरच्या बायकामुलांची चित्रणं चढवायची कशाला?

एक गोष्ट मान्य करावी लागेल. एमटीएस जुन्या कॉम्प्युटरवर अडखळते, कधी सॉफ्टवेअरमध्ये चित्र येतं आणि डॉल्बी आवाज येत नाही. काहीतरी करावं लागतं हे खरं. पण त्यासाठी वाटा दोन आहेत.

पहिली, फक्त डबा बदलणं, म्हणजे आतलं चित्र तेच ठेवून बाहेरचा फाइलचा प्रकार बदलणं. लॉसलेसकट या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडा, आउटपुट एमओव्ही किंवा एमपी४ ठेवा, एक्सपोर्ट करा. किंवा एफएफएमपेगला व्हिडिओसाठी ‘कॉपी’ सांगा. आवाज येत नसेल तर तेवढाच १६ बिट पीसीएम, म्हणजे न दाबलेला, करा; स्टिरिओ असेल तर तासाला सातशे एमबीच्या आसपास जागा लागेल. चित्राला हात लागत नाही. तासाभराची फाइल काही मिनिटांत होते आणि आकार जवळपास तेवढाच राहतो. अर्धा तास लागला तर ते पुन्हा दाबणं चाललंय, थांबवा. हँडब्रेक हा कन्व्हर्टर इथे उपयोगाचा नाही, तो चित्र प्रत्येक वेळी नव्यानं दाबतो.

दुसरी, कॉम्प्युटर दमत असेल तर प्रोरेस किंवा डीएनएक्सएचआर, या एडिटिंगसाठीच्या पद्धतींत फाइल बदलणं. एच.२६४मध्ये एक फ्रेम दाखवायला शेजारच्या कित्येक फ्रेम उलगडाव्या लागतात, यांत प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते. म्हणून फाइल मोठी होते. ॲपलच्या प्रोरेस श्वेतपत्रिकेत १९२० × १०८०, २५ फ्रेमसाठी प्रोरेस ४२२चा दर सेकंदाला १२२ मेगाबिट दिला आहे, म्हणजे तासाला ५५ जीबी. एलटी या हलक्या प्रकाराला सेकंदाला ८५ मेगाबिट. हँडीकॅमच्या चित्रणाला एलटी पुरतो, आणि वरचं ५०पी केलंत तर दोन्ही आकडे दुप्पट धरा. एडिटिंगसाठी कन्व्हर्ट केलं, क्वालिटी गेली नाही आणि फाइलही लहान झाली, असं कोणी सांगत असेल तर ते खोटं आहे. प्रोरेसनं क्वालिटी वाढतही नाही, जे आहे ते डोळ्याला फरक न जाणवता टिकतं.

डबा बदलल्यावर खात्री करायची असेल तर एफएफएमपेगला मूळ आणि नव्या फाइलमधलं चित्र उलगडून एमडी५, म्हणजे त्या चित्राचा अंगठ्याच्या ठशासारखा कोड, काढायला सांगा. ३२ अक्षरं दोन्हीकडे तीच आली, तर एकही बिंदू बदललेला नाही. मूळ फोल्डर दोन वेगळ्या डिस्कवर गेला आणि दोन्हीकडून उघडून पाहिला, की मग कार्ड कॅमेऱ्यातूनच फॉरमॅट करा.